मॉक ड्रिलचा पेशंट

नियाज पिंजारीने आयुष्यात कागदावर एकच खोटं केलं होतं, आणि तेही शब्दांत नाही, एका बरोबरच्या खुणेत.

सातपूरच्या कंपनीत रुजू होताना आजारांचा फॉर्म भरायचा होता. अठ्ठावीस आजार आणि प्रत्येकापुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. पहिले दहा आजार त्याला खरोखरच नव्हते. दहादा खरं बोललं की माणसाच्या हाताला वेग येतो. अकरावा आजार होता 'फिट येणे / मिरगी', आणि त्या वेगातच हात 'नाही'वर गेला, असं तो अकरा महिने स्वतःला सांगत होता. प्रत्यक्षात त्या चौकोनापाशी तो इतका वेळ थांबला होता की शेजारच्या उमेदवाराने काळजीने विचारलं, "स्पेलिंग अडलंय का?"

कंपनी गाड्यांच्या वायपरचे दांडे बनवायची. नियाज तपासणीच्या टेबलावर होता. दर अर्ध्या तासाने त्याने दहा टनांच्या प्रेसपाशी, म्हणजे पत्रा दाबून दांडे घडवणाऱ्या यंत्रापाशी जायचं, पाच दांडे उचलायचे, गेज नावाच्या लोखंडी मापात बसवून पाहायचे. बसला तर पास, नाही तर भंगार. त्याच्या गोळ्या खिशातल्या तंबाखूच्या डबीत असायच्या. लोकांनी आपल्याला व्यसनी समजावं, आजारी समजू नये, एवढीच त्याची अपेक्षा होती. लोक त्याला कंजूष समजत. कुणी चिमूटभर मागितली की तो म्हणायचा, "संपली."

शेवटची फिट येऊन चार वर्षं दोन महिने झाले होते. येवल्याला मामेबहिणीच्या लग्नात तो रात्रभर जागला आणि सकाळी बिर्याणीच्या उकळत्या देगीपासून दोन हातांवर पडला. तेव्हापासून डॉक्टरांच्या दोनच अटी होत्या. गोळी वेळेवर, आणि रात्रीची झोप.

बुधवारी सकाळी नोटीस लागली. ऑर्डर वाढल्यामुळे सोमवारपासून तिसरी पाळी सुरू, आणि तपासणीच्या सगळ्यांनी आळीपाळीने करायची. पहिल्या आठवड्याच्या रात्रपाळीत पहिलंच नाव होतं एन. पिंजारी.

नियाजने नाव वाचलं, मग प्रेसकडे पाहिलं. प्रेस खाली आला, वर गेला. रात्री तीन वाजता आपण तिथे दांडे उचलायला वाकलोय आणि नेमकं तेव्हाच, एवढं त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

त्याच दुपारी अर्धा दिवस टाकून तो डॉक्टरांकडे गेला.

"रात्रपाळी टाळावी, असं लिहून देतो," डॉक्टर म्हणाले. "आजाराचं नाव घालू?"

"नको."

"कंपनी विचारेल."

"मग घाला."

"घालू?"

"नको."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे बघ, तुला काय जमत नाही ते मी लिहितो. तुला काय आहे ते सांगायचं की नाही, किती सांगायचं आणि कुणाला, ते तू ठरव. बाहेर अकरा पेशंट बसलेत."

चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवून नियाज तसाच कंपनीत परत आला आणि तेजल मॅडमच्या केबिनमध्ये शिरला. तेजल मॅडम एचआरमध्ये नव्या होत्या, त्याच्याच वयाच्या, आणि त्यांच्या टेबलावर 'गोपनीय' असा लाल शिक्का होता. तो त्यांनी अजून एकदाही वापरला नव्हता.

"बोल ना."

"मॅडम, आपल्यातल्याच एकाला फिट येतात."

हे वाक्य तो रिक्षात सात वेळा म्हणत आला होता. सातही वेळा त्यात 'मला' होतं.

"कुणाला?" मॅडम पुढे झुकल्या.

"त्याने नाव सांगू नको म्हटलंय."

"घाबरलाय का तो?"

"खूप. म्हणजे, मला तसं वाटलं."

"त्याला सांग, शनिवारपर्यंत डॉक्टरचं पत्र आण, रात्रपाळीतून काढायचं बघू. नाव माझ्याकडेच राहील." त्यांनी शिक्क्यावर हात ठेवला.

"आणि समजा, जॉइनिंगच्या फॉर्मवर त्याने 'नाही' लिहिलं असेल तर?"

"लिहिलंय का?"

"मला काय माहीत? समजा म्हणतोय."

"मग ते वेगळं प्रकरण. खोटी माहिती दिली तर काढून टाकता येतं. अपॉइंटमेंट लेटरमध्ये कलम चौदा आहे. त्याचं प्रोबेशन आहे की तो पर्मनंट आहे?"

नियाजचं प्रोबेशन या महिनाअखेर संपत होतं. "विचारून सांगतो," तो म्हणाला आणि चिठ्ठीसकट बाहेर पडला.

आता तेजल मॅडमनी काय करावं? नाव गुप्त ठेवण्याचा शब्द दिला होता, तो त्यांनी तंतोतंत पाळला. बाकीचं सगळं त्यांनी सुरक्षा विभागाच्या सावळीरामला सांगितलं.

सावळीराम लासलगावकडचा, पन्नाशीचा, आणि मनाने चांगला माणूस. पण या कंपनीत प्रत्येक विभागाला महिन्याला चार कायझेन द्यावे लागत. कायझेन म्हणजे सुधारणेचा कागद: वर समस्या, खाली उपाय, डावीकडे 'आधी'चा फोटो आणि उजवीकडे 'नंतर'चा. मागच्या महिन्यात सावळीरामने झाडू उभा ठेवण्याऐवजी आडवा टांगला होता आणि त्याला बक्षीस म्हणून पाण्याची बाटली मिळाली होती. या महिन्यात त्याचा एक कायझेन कमी पडत होता.

गुरुवारी सकाळी कॅन्टीनच्या बोर्डवर कागद लागला. 'समस्या: आपल्यातील एका कर्मचाऱ्यास (नाव गोपनीय) फिट येतात. उपाय: प्रथमोपचार पथक व मॉक ड्रिल, शनिवार, सकाळी १०. 'आधी'चा फोटो: उपलब्ध नाही.'

कागदाच्या कोपऱ्यात लाल शिक्का होता. त्याचा पहिलाच वापर.

नियाजच्या हातातला चहा बशीत आला. त्याच्या मागे वीस माणसं तोच कागद वाचत होती.

"कोण असेल रे?"

"जो मीटिंगमध्ये डोळे मिटून बसतो तो."

आणि सगळ्यांच्या माना लाइनचे सुपरवायझर खंडेराव यांच्याकडे वळल्या. खंडेराव गेली बावीस वर्षं मीटिंगमध्ये डोळे मिटून बसत होते, कारण त्यांना मीटिंग आवडत नसे. पण त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांची खुर्ची कुणीतरी मशीनपासून लांब नेऊन ठेवली, दोघांनी न मागता त्यांची पिशवी उचलली आणि त्यांच्या ड्रॉवरमध्ये एक कांदा निघाला.

"हा कुणी ठेवला?" खंडेरावांनी कांदा वर धरून विचारलं.

"राहू द्या भाऊ," प्रेसवरचा बहिरू हळुवार आवाजात म्हणाला. "वेळ सांगून येते का?"

नियाजला त्यांची दया आली. पण दयेपेक्षा सुटकेचा निःश्वास मोठा होता, आणि त्याची लाज तिसऱ्या नंबरवर होती. तेवढ्यात सावळीराम त्याच्या टेबलापाशी आला.

"नियाज, वजन किती तुझं?"

"अठ्ठेचाळीस."

"झकास. शनिवारी तू पेशंट."

"मी का?"

"उचलायला हलका. बहिरूला पडायला सांगितलं तर पथकच दवाखान्यात जाईल." सावळीरामच्या चेहऱ्यावर संशयाचा मागमूस नव्हता. होता तो दिग्दर्शकाचा उत्साह.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तालीम झाली. सावळीरामने त्याला गोणपाटावर आडवं केलं. "हातपाय झाड. नुसते झाडू नको, जीव लावून झाड. घशातून आवाज काढ. टूथपेस्ट आणतो, फेस पाहिजे." नियाजने हातपाय झाडले. आपण झुरळासारखे दिसतोय हे त्याला पडल्या पडल्या कळत होतं.

"छे! तू कधी फिट पाहिली नाहीस काय?"

"नाही," नियाज म्हणाला.

आणि हे अगदी खरं होतं. लहानपणापासून त्याला अठरा-वीस फिट आल्या असतील, पण त्यातली एकही त्याने पाहिली नव्हती. तो दर वेळी नेमका गैरहजर असायचा.

संध्याकाळी घरी त्याची अम्मी मेथी निवडत बसली होती.

"अम्मी, फिट आली की मी कसा दिसतो?"

मेथीची काडी तिच्या हातातच राहिली. "कशाला पायजे?"

त्याने नोटिशीपासून गोणपाटापर्यंत सगळं सांगितलं.

"म्हंजी ज्यांच्यापासून लपवतो, त्यांनाच करून दाखवायचं?"

"हो."

"त्याचा पगार येगळा?"

"आहे त्यातच."

"आन तू नाय म्हनला तर?"

"तर विचारतील, का नाही म्हणतो."

अम्मीने मेथी बाजूला सारली, पदर खोचला आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवत फरशीवर आडवी झाली. "बघ मंग. पयलं तू मला हाक मारतो. पन अर्धीच. 'अम्' म्हनतो न् थांबतो. त्ये 'अम्' ऐकलं ना, की माझ्या हातातलं असंल त्ये पडतं." तिने डोळे वर फिरवले. तिचं सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं, मान डावीकडे वळली, जबडा आवळला. मग हात उडायला लागले, उजवा जास्त, आणि तिच्या बांगड्या फरशीवर वाजत राहिल्या.

नियाज भिंतीला टेकला. आपली फिट तो पहिल्यांदा पाहत होता, आणि ती अम्मीला आली होती.

बांगड्या थांबल्या. अम्मी पडून राहिली.

"मग?" त्याने विचारलं.

"मंग तू गपगार पडतो. मी तुला कुशीवर वळवते न् आकडे मोजते. शंभर झाले का परत एक. तीन शंभराच्या वर गेलं का माझा जीव जातो."

"तोंडात काय घालतेस?"

"काय नाय. डाक्टरनं पयल्याच दिशी सांगितलंय, तोंडात काय घालायचं नाय. एकदा तुझ्या मामानं चमचा घातला व्हता, तवाच तर दात गेला तुझा."

नियाजची जीभ आपोआप डाव्या बाजूच्या फटीत गेली. "जिन्यावरून पडलो होतो ना मी?"

"तुला तसं सांगितलं. मामाशी बोलला नसता तू." तिने हात पुढे केला. "उठव आता. गुडघा धरला माझा."

शनिवारी दहा वाजता शेडसमोरच्या मोकळ्या जागेत साठ माणसं गोलाकार उभी होती. पुढे प्लँट मॅनेजर साहेब, शेजारी तेजल मॅडम, एका बाजूला खंडेराव, आणि त्यांच्या मागे, गरज पडलीच तर असावेत म्हणून, दोन धडधाकट तरुण. स्टोअरमधला एक जण मोबाइल घेऊन फोटोसाठी तयार होता. पथकात चौघे. दोघांकडे पाय, एकाकडे कांदा, एकाकडे फूटभर लांबीची स्टीलची पट्टी.

"पट्टी कशाला?" मॅनेजर साहेबांनी विचारलं.

"दातात घालायला साहेब. जीभ चावतो पेशंट. आणि कांद्याचं काय विचारू नका, आमच्या लासलगावच्या मार्केटात कुणाला फिट आली तर क्विंटलने हुंगवतात." सावळीरामने शिट्टी फुंकली.

नियाज मधोमध आला. खिशात डॉक्टरांची चिठ्ठी अजून तशीच होती आणि मुदतीचा शनिवार उजाडला होता. त्याला वाटलं, उरकून टाकावं. तो म्हणाला, "अम्."

आणि पडला. टूथपेस्ट नव्हती, आवाज नव्हता. अंग लाकडासारखं झालं, मान डावीकडे गेली, उजवा हात उडायला लागला. गोलातली पहिली रांग न सांगता दोन पावलं मागे सरकली. "आयला," कुणीतरी हलकेच म्हणालं, "काय काम करतोय!"

पथक धावलं. एक जण मांडीवर बसला, दुसरा नडगीवर. नाकाशी कांदा आला. नियाजने डोळे किलकिले करून पाहिलं. कांदा धरणारा कळवळून पाहत होता, जणू हे खरंच घडतंय. ही चारही माणसं भली होती. आणि मंगळवारी रात्री तीन वाजता हीच भली माणसं अशीच धावत येतील, मनापासून, एवढीच पट्टी घेऊन.

पट्टीची थंड कड त्याच्या हिरडीला लागली. बरोबर त्या फटीत.

तीन दिवस तो एकाच गोष्टीला भीत होता, की यांना कळेल. आता भीती वेगळीच होती. यांना काहीच कळत नव्हतं. त्याने दात आवळले.

"बघा, दातखीळ!" सावळीराम खूश झाला. "जोर लावा!"

"थांबा!" नियाज पट्टीच्या बाजूने ओरडला.

"पेशंटने बोलायचं नसतं!"

"पट्टी काढा आधी!" तो उठून बसला. मांडीवरचा माणूस घरंगळला. "असं नसतं करायचं. तोंडात काही घालायचं नाही. धरून ठेवायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना. बस."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"यूट्यूबवर पाहिलं." उत्तर चांगलं होतं. तोंडात तयारच होतं.

"यूट्यूबवर काय, काहीही सांगतात." सावळीराम गोलाकडे वळला. "वीस वर्षं झाली मला या कामात. चला, परत घेऊ. पट्टी जरा आडवी धरा, आणि साहेब, हीच पद्धत कागदावर घालून लॅमिनेट करतो, प्रत्येक मशीनपाशी एकेक पट्टी टांगू."

प्रत्येक मशीनपाशी. नियाजने मशीनं मोजली. एकवीस होती.

"माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला, म्हणून त्याने परत सांगितलं. "माझ्या. बोर्डवरचा कर्मचारी मी आहे."

खंडेरावांच्या मागचे दोघे तरुण, आपण चुकीच्या माणसामागे उभे आहोत हे लक्षात येऊन, चवड्यांवर चालत नियाजच्या मागे येऊन उभे राहिले. फोटोवाल्याने सवयीने फोटो काढला. सावळीरामने पट्टी पाठीमागे लपवली.

केबिनमध्ये तेजल मॅडमनी त्याची फाईल काढली. अकराव्या नंबरची टिक तिथेच होती. नियाजने चिठ्ठी टेबलावर ठेवली. घामाने तिची घडी चिकटली होती.

"तो 'आपल्यातलाच एक' म्हणजे तूच."

"हो."

"मला वाटलं, खंडेराव." मग त्यांचा आवाज बदलला. "मला हे साहेबांना सांगावं लागेल. फॉर्मचंसुद्धा."

"माहितीये. मॅडम, फॉर्मवर खरं लिहिलं असतं तर घेतलं असतं का मला?"

तेजल मॅडमनी शिक्का उचलला, त्याच्या तळाकडे पाहिलं, परत ठेवला. "मला नाही माहीत," त्या म्हणाल्या.

मॅनेजर साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर तो एक तास दहा मिनिटं बसला. आतून कधी 'कलम चौदा' ऐकू येत होतं, कधी 'दांडे', कधी नुसतीच खुर्ची वाजत होती. मध्येच खंडेराव येऊन शेजारी बसले.

"दोन दिवस मला लोकांनी कांदे दिले," ते म्हणाले. "एकूण सहा."

"चुकलं, भाऊ."

"बायकोने भाजीत घातले." मग ते त्याच्याकडे वळले. "लेका, मला येऊन सांगितलं असतं तर?"

"तुम्ही काय केलं असतं?"

खंडेरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "चप्पल हुंगवली असती," ते म्हणाले.

संध्याकाळी पत्र हातात आलं. तीन महिने रात्रपाळी नाही, पुढचं डॉक्टरांचं नवीन पत्र पाहून. प्रेसपाशी एकट्याने जायचं नाही, दांडे दुसरा कुणी आणून देईल. खोटी माहिती दिल्याबद्दल लेखी ताकीद. प्रोबेशन आणखी सहा महिने. नियाजने ते फाटकापाशी उभं राहून तीनदा वाचलं. नोकरी गेली नव्हती आणि पक्कीही झाली नव्हती. घरी अम्मीने पत्र उलट बाजूने बघून विचारलं, "काय म्हनत्यात?" तो म्हणाला, "सध्या ये म्हणतात."

सोमवारी सकाळी सात वाजता तो टेबलापाशी उभा राहिला. बहिरूने पाच दांडे आणून ठेवले, जरा जास्तच अलगद, आणि लांब जाऊन उभा राहिला. नियाजला शिंक आली. चार जणांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

साडेआठला त्याच्या हातून गेज निसटला आणि टेबलाखाली घरंगळत गेला. तो गुडघ्यांवर बसून आत शिरला. गेज पार भिंतीपाशी गेला होता. तो हाताला लागला तेव्हा नियाजच्या लक्षात आलं की शेडमध्ये आवाजच नाही. प्रेस बंद होता. तो मागे सरकत सरकत बाहेर आला.

सात माणसं अर्धगोलात उभी होती. एकाने आपला स्वेटर घडी करून हातात धरला होता. पुढे खंडेराव, घड्याळावर डोळे.

"बावीस सेकंद," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गेज पडला होता, भाऊ."

"मग आधी सांगायचं ना, गेज पडलाय म्हणून!"

"पडायच्या आधी कसं सांगू?"

स्वेटरवाल्याने स्वेटर परत अंगात घातला. माणसं एकेक करून जागेवर गेली, प्रेस सुरू झाला, पण माना काही पूर्ण वळल्या नाहीत.

नियाजने गेज टेबलाच्या मधोमध ठेवला आणि पहिला दांडा उचलला. दांडा मापात बसेना. हात थरथरत होता, उजवा जास्त. तो नुसत्या भीतीने थरथरतोय, दुसऱ्या कशाने नाही, हे आता सगळ्यांना ओरडून सांगावं की काय, या विचारात तो दांडा हातात धरून तसाच उभा राहिला.